डाळमिल घ्यायच्या आधी हिशोबाची वही उघडा



तुरीच्या राशी झाल्या, पोती घरात आली की पंचायत समितीच्या आमच्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, डाळमिलला सबसिडी किती?" तूर विकायची मातीमोल आणि डाळ आणायची सोन्याच्या भावाने, हे दुखणं जुनं आहे. त्यामुळे गावातच डाळ व्हावी, मधला पैसा आपल्या घरात राहावा, असं वाटणं साहजिक आहे.

या प्रश्नाला आता आणखी जोर येणार. १ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाला मंजुरी दिली. २०२५-२६ ते २०३०-३१ या काळासाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यात देशभर १,००० प्रक्रिया केंद्रं उभी करायची असून, प्रक्रिया व पॅकिंगच्या केंद्राला जास्तीत जास्त २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं आहे. त्याआधी २०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अशी बँक कर्जाला जोडलेली सबसिडी देण्यात आली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळमिल आणि त्या धर्तीची यंत्रं खेडोपाडी दिसू लागली.

यंत्रं आली ही चांगली गोष्ट आहे. पण गावोगाव फिरताना दिसतं ते असं, की काही मिली वर्षभर घरघरतात आणि काहींवर दुसऱ्याच वर्षी ताडपत्री पडते. यंत्र तेच, सबसिडी तीच, बँकही तीच. मग फरक कुठे पडतो? तो पडतो खेळत्या भांडवलात, डाळीच्या उताऱ्यात आणि गिऱ्हाइकात. या तीन गोष्टींना योजनेच्या फॉर्मवर मोठा रकाना नसतो, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

सबसिडी हातात येत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. सबसिडी म्हणजे घरात येणारे रोख पैसे, असं अनेकांना वाटतं. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत सबसिडी बँकेत तुमच्या कर्जखात्याशी जोडून ठेवण्याची पद्धत होती. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षं उद्योग चालू असेल आणि खातं थकीत नसेल, तरच ती रक्कम कर्जात वळती व्हायची. म्हणजे मिल बंद पडली तर सबसिडीही गेली आणि कर्जही अंगावर राहिलं.

समजा यंत्र, शेड, वजनकाटा आणि इतर साहित्य मिळून ६ लाखांचा प्रकल्प आहे. स्वतःचे १० टक्के म्हणजे ६० हजार. बँकेचं कर्ज ५ लाख ४० हजार. सबसिडी २ लाख १० हजार. सबसिडीची रक्कम वजा धरली तरी ३ लाख ३० हजारांवर हप्ता भरावा लागतो. ११ टक्के व्याज आणि ५ वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सात हजारांच्या वर हप्ता बसतो. वर्षाचे झाले ८६ हजार. पाऊस पडो न पडो, तूर महाग होवो की स्वस्त, हे ८६ हजार मिलीतून निघाले पाहिजेत. ते किती तुरीतून निघतील, हा पहिला हिशोब.

क्विंटलमागे चार किलोंचा खेळ

२०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीची आधारभूत किंमत ८,००० रुपये जाहीर झाली. आपण तोच भाव धरू. बाकीचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारचे घाला, पण रीत हीच ठेवा.

१०० क्विंटल तूर घेतली, ८ लाख गेले. उतारा ७२ टक्के आला तर ७२ क्विंटल डाळ. ठोकमध्ये ११५ रुपये किलो गेली तर ८ लाख २८ हजार. चुणी, कळणा आणि टरफल मिळून २५ क्विंटल, सरासरी १८ रुपये किलोने ४५ हजार. बाकीचं घटीत गेलं. एकूण आले ८ लाख ७३ हजार. मजुरी, वीज, तेल, बारदाना, वाहतूक मिळून क्विंटलला ३५० रुपये धरा, म्हणजे ३५ हजार. हातात राहिले ३८ हजार. आता तूर घेतल्यापासून डाळीचे पैसे येईपर्यंत ३ महिने गेले आणि ८ लाख व्याजाचे असले, तर २२ हजार व्याज. शिल्लक १६ हजार.

आता उतारा ७२ ऐवजी ६८ टक्के आला असं धरा. डाळीचे ७ लाख ८२ हजार आणि चुणी-टरफलाचे साधारण ५२ हजार. एकूण ८ लाख ३४ हजार. त्यातून तुरीचे ८ लाख आणि खर्चाचे ३५ हजार वजा केले की व्याजाआधीच खिशातले जातात. क्विंटलमागे चार किलो डाळ कमी झाली आणि धंद्यातला सगळा नफा चुणीत गेला!

यंत्राच्या कोटेशनवर उतारा मोठा छापलेला असतो. तो मिळतो चांगल्या, एकसारख्या, नीट वाळलेल्या तुरीचा आणि हात बसलेल्या माणसाकडून. बारीक-मोठा दाणा एकत्र घातला तर मोठा दाणा तुटतो आणि बारीक दाण्याचं टरफल निघत नाही. म्हणून चाळणी आणि प्रतवारी हा जादा खर्च समजू नका, तिथेच तुमचा नफा आहे.

दुसरी गोष्ट वाळवणाची. तूर काही गव्हासारखी नाही, की घातली आणि पीठ काढलं. पहिल्यांदा रोलरवर टरफलाला चरे पाडायचे, खाण्याचं तेल चोळायचं, ढीग लावून ठेवायचं, उन्हात वाळवायचं, पाण्याचा हात द्यायचा, पुन्हा वाळवायचं आणि मग भरडायचं. यात चार-पाच दिवस सहज जातात. यंत्र तासाला एक क्विंटल करतं म्हणून दिवसाला ८ क्विंटल होतील असं तुम्ही धरता. पण मग चार दिवसांची ३२ क्विंटल तूर एकाच वेळी खळ्यावर पसरायला जागा आहे का? आभाळ आलं तर झाकायला ताडपत्री आहे का? मिलीचा वेग मोटार ठरवत नाही, वाळवणाची जागा ठरवते. यंत्र पाहायला जाल तेव्हा यंत्राबरोबर त्या माणसाचं खळंही पाहून या.

भाव तुमच्या हातात नाही

लातूर, उदगीरच्या मोठ्या डाळमिलींशी तुमची गाठ आहे हे विसरू नका. त्यांना तूर गाड्यांनी येते, रंगानुसार दाणा निवडणारी यंत्रं आहेत, बँकेची मोठी मर्यादा आहे. त्यांचा खर्च किलोमागे पैशांत मोजला जातो, तुमचा रुपयांत. ठोक बाजारात त्यांच्या भावाला भाव लावायला गेलात तर टिकणं कठीण.

शिवाय तुरीचा भाव सरळ चालत नाही. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती. पुढच्याच २०१६-१७ च्या हंगामात भरघोस पीक आलं, बोनस धरून ५,०५० रुपये हमीभाव असताना तूर त्याखाली विकली गेली, आणि खरेदी केंद्रांपुढे लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. मे २०२१ मध्ये केंद्राने तुरीची आयात खुली केली आणि पुढे मुदत वाढवत नेली. मोझांबिक आणि म्यानमारची तूर त्यामुळे बंदरात येत राहिली. २०२३ आणि २०२४ साली साठ्यावर मर्यादा आल्या. २०२४ साली तूर दहा हजारांच्या वर गेली आणि २०२५ च्या सुरुवातीला नवीन माल येताच घसरली. ज्याने दहा हजाराची तूर घेऊन कोठी भरली आणि डाळ वेळेत विकली नाही, त्याला क्विंटलमागे काय बसलं असेल याचा विचार करा. तूर साठवून भाव वाढण्याची वाट बघणं हा व्यापाऱ्याचा खेळ आहे. कर्जाच्या पैशावर तो आपण खेळू नये.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं

आपल्या भागातल्या एका महिला बचत गटाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांच्या एकट्यांची नव्हती. पहिल्या वर्षी या ताईंनी गावातल्या लोकांची तूर मजुरीवर भरडून दिली. थोडी स्वतःची डाळ करून आठवडी बाजारात विकली. पैसे रोख, हिशोब चोख. दुसऱ्या वर्षी नाव झालं. शहरातल्या एका मोठ्या दुकानदाराने २० क्विंटल डाळ मागितली. सगळ्यांना आनंद झाला. डाळ गेली. पैसे "पुढच्या महिन्यात" करत चार महिन्यांनी आले, तेही तुकड्या-तुकड्यांनी. तोवर तुरीचा हंगाम संपला होता. गटाच्या अध्यक्ष मला म्हणाल्या, "साहेब, मिलीला काय झालंय? ती चांगलीच आहे. पण तूर घ्यायला हातात पैसाच नव्हता."

धंदा वाढतो तेव्हा पैसा वाढतो असं आपण समजतो. सुरुवातीला होतं उलटं. महिन्याला १ लाखाची विक्री आणि दीड महिन्याची उधारी असेल तर दीड लाख बाजारात अडकतात. विक्री ३ लाखांवर नेली की साडेचार लाख अडकतात. ते कुठून आणणार? यंत्राच्या कर्जातून आणता येत नाहीत आणि सूक्ष्म उद्योग योजनेची सबसिडी खेळत्या भांडवलाला नव्हती. मग सावकार, नाहीतर घरातलं सोनं. लहान उद्योग तोट्यामुळे बुडतात तसेच रोख संपल्यामुळेही बुडतात. वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात दमडी नसते.

कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. उशिरा दिले तर व्याज मागता येतं. त्यासाठी उद्यम नोंदणी आधी करून ठेवा. ती ऑनलाइन आहे आणि तिला शुल्क नाही. पण खरं सांगायचं तर, जो दुकानदार तुमचं एकमेव गिऱ्हाईक आहे त्याच्यावर कोण तक्रार करणार? म्हणून पहिल्या दिवसापासून नियम करा. नव्या गिऱ्हाइकाला पहिला माल रोख, मागचं पोतं फिटल्याशिवाय पुढचं नाही, आणि कुठल्याही एका दुकानात एकूण मालाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उधारी नाही.

वीज आणि कागद

शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवायचा मोह होतो. चालवू नका. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर धरला जातो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. शिवाय शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तास आणि पाळीपाळीने, कधी रात्रीची. रात्री भरडणार आणि सकाळी वाळवणार का? वेगळी जोडणी किती दिवसांत आणि किती खर्चात मिळेल, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारा. यंत्र दारात आणि मीटर नाही, पण बँकेचा हप्ता सुरू, अशी फजिती होऊ नये.

अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे घ्यावाच लागतो. डाळ सुटी विकली तर तिच्यावर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून मात्र २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के लागू झाला, मग ब्रँड असो वा नसो. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री राज्यातच असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण ४० लाख फार लांब नाहीत. ११५ रुपयांनी ३५० क्विंटल डाळ विकली की तुम्ही तिथे पोहोचलात. पाकिटावर वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना व वर्ष, नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक छापायचा. एकदम दहा हजार पाकिटं छापून ठेवू नका. पहिल्या छपाईत चूक निघतेच.

अर्ज भरून देणारे जिल्हा संसाधन व्यक्ती सूक्ष्म उद्योग योजनेत नेमले गेले. त्यांचं मानधन योजनेतूनच ठरलेलं होतं. कोणी "फाईल काढून देतो" म्हणून टक्केवारी मागत असेल, तर त्याला दारातूनच रामराम करा. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात. म्हणून शेजारच्याला गेल्या वर्षी काय मिळालं यावर न जाता, अर्जाच्या दिवशी काय लागू आहे ते कृषी कार्यालयात विचारून घ्या.

मग करायचं काय?

पहिलं वर्ष मजुरीवर काम करा. लोकांची तूर आणा, डाळ करून द्या, मजुरी घ्या. किलोला ६ रुपये, म्हणजे क्विंटलला ६०० धरले आणि बारदाना-वाहतूक नसल्यामुळे खर्च २५० धरला, तर क्विंटलला ३५० राहतात. १०० क्विंटलला ३५ हजार. वर बघितलं तसं स्वतःची तूर घेऊन ठोक विकली तर १६ हजार राहिले होते, आणि त्यासाठी ८ लाख गुंतले होते. इथे तुरीत एक रुपया गुंतत नाही, भावाचा धोका नाही, उधारी नाही आणि वर्षभरात हात बसतो.

आता हप्त्याशी जोडून बघा. वर्षाचे ८६ हजार मजुरीतून काढायचे तर साधारण २५० क्विंटल काम लागतं. घरटी एक क्विंटल धरलं तर २५० घरं झाली. तुमच्या गावात खाण्यासाठी डाळ करून घेणारी एवढी घरं आहेत का? नसतील तर आजूबाजूची तीन-चार गावं धरावी लागतील. आणि त्या गावांत आधीच दुसरी मिल असेल तर? कर्ज मागण्याआधी वही घेऊन घरोघर फिरा आणि नावं लिहा. हा सर्वे तुमच्याशिवाय कोणी करणार नाही. ही २५० घरं फक्त हप्त्यापुरती आहेत हेही ध्यानात घ्या. तुमची स्वतःची मजुरी त्यात धरलेली नाही.

तूर हंगामात येते आणि संपते. म्हणून मूग-उडीद पावसाळ्याच्या शेवटी, तूर जानेवारीपासून आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चपासून, असं वर्ष बांधा. यंत्र घेताना चारही कडधान्यं त्यावर करून दाखवायला सांगा, तीही तुमच्या शेतातली.

दुसऱ्या वर्षी थोडी स्वतःची डाळ करा आणि ती थेट खाणाऱ्याला विका. ११५ ऐवजी १२५ रुपये मिळाले तर ७२ क्विंटलमागे ७२ हजार जादा मिळतात. पूर्ण वर्षाचा हप्ता त्यात बहुतेक निघाला. घरटी महिन्याला तीन-चार किलो डाळ धरली तर ७२ क्विंटल वर्षभरात खपवायला १५० ते २०० घरं पुरतात. शिक्षक, बँकेचे कर्मचारी, शहरात राहणारे आपलेच पाहुणे, ही तुमची पहिली गिऱ्हाइकं. आपल्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे चवीची डाळ ओळखणारा माणूस आहे आणि तो दोन पैसे जास्त देतो. पण त्याला प्रत्येक वेळी तीच चव लागते. एकदा जुनी, किडकी तूर मिसळली की तो परत येत नाही.

तूर एकदम विकत घेण्याऐवजी सभासदांकडून लागेल तशी घ्या. ज्या शेतकऱ्याला लगेच पैसा हवा आहे त्याने बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी. तुरीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी कर्ज देण्याची ही योजना आहे. आणि बँकेत जाल तेव्हा यंत्राच्या कर्जाबरोबरच खेळत्या भांडवलाची मर्यादा मागा. नंतर देऊ म्हणणारी बँक नंतर देतेच असं नाही.

गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही काही गोष्टी करता येतील. ना-हरकत दाखला आणि नमुना ८ चा उतारा महिनाभर अडवून ठेवू नका. त्या महिन्यात हंगाम जातो. गावात पडीक असलेली शेड किंवा मोकळं खळं गटाला भाड्याने द्या, म्हणजे वाळवणाचा प्रश्न सुटेल. आणि एकाच गावात दोन मिलींची शिफारस करण्याआधी घरं मोजा.

आमच्या खात्यालाही हे लागू आहे. वर्षाअखेरीस किती प्रकरणं मंजूर झाली याचा तक्ता वर जातो. तिसऱ्या वर्षी त्यातल्या किती मिली चालू आहेत, याचा तक्ता मात्र कोणी मागत नाही. नव्या अभियानात १,००० केंद्रं उभी राहतील. ती २०३१ मध्ये चालू दिसायची असतील तर हा दुसरा तक्ता आतापासून मागितला पाहिजे. आश्रमशाळा, वसतिगृहं यांची डाळ जवळच्या गटाकडून, रोख किंवा पंधरा दिवसांत पैसे देऊन घेतली गेली, तर सबसिडीइतकाच आधार मिळेल.

तेव्हा पुढच्या वेळी कार्यालयात याल तेव्हा वही बरोबर आणा. पहिल्या पानावर तूर देणाऱ्या घरांची नावं, दुसऱ्यावर डाळ घेणाऱ्यांची, तिसऱ्यावर वाळवणाच्या जागेचं माप आणि चौथ्यावर तीन महिने पुरेल एवढा पैसा कुठून येणार ते. ही चार पानं भरली असतील तर सबसिडीचा फॉर्म आपण बसून अर्ध्या तासात भरू.